पिवळं पान, तांबडी पालवी

आमच्या चौथीच्या वर्गात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. तारखा केव्हाच संपल्या, पण चित्रं छान म्हणून ते कुणी काढलंच नाही. त्यातल्या ऑक्टोबरच्या पानावर एक उंच डोंगर आहे. माथ्यावर थोडं बर्फ, आणि खालचा सगळा उतार पिवळाधमक. हळदीचं पोतं फुटून सांडावं तसा! खाली लिहिलंय, 'कोलोरॅडो, अमेरिका.' त्या झाडांना ॲस्पेन म्हणतात. पांढुरकं सरळसोट खोड आणि रुपयाएवढी गोल गोल पानं.

परवा मी ते चित्र दाखवून वर्गाला विचारलं, "काय दिसतंय सांगा." मला वाटलं होतं, कुणीतरी 'सोन्याचा डोंगर' वगैरे म्हणेल. मागच्या बाकावरचा एकजण उठला आणि म्हणाला, "बाई, ह्यांच्या झाडांना नत्र कमी पडलंय. युरिया टाकाय पाहिजे."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण मग मी त्याला फळ्यापाशी बोलावलं, कारण त्याचं उत्तर वाटतं तेवढं चुकीचं नाही.

निरवांगीच्या पोराला उसाचं पान पिवळं पडलं की काय समजायचं ते घरीच शिकायला मिळतं. पण तुम्ही एक गोष्ट नीट पाहिलीय का? नत्र कमी पडलं की आधी पिवळी पडतात ती खालची, जुनी पानं. वरचा शेंडा हिरवाच असतो. असं का? कारण पीक आपल्या जुन्या पानातलं नत्र काढून घेतं आणि नव्या पानाला देतं. घरात गहू कमी असले की आजी आपली पोळी मोडून नातवाच्या ताटात टाकते ना, तसंच.

ॲस्पेनही हेच करतं. फक्त ते सगळ्या पानांचं एकदमच करतं, आणि काढून घेतलेला माल शेंड्याला न देता खोडात आणि मुळांत साठवून ठेवतं. तिकडे सप्टेंबर संपत आला की दिवस लहान होतात, रात्री गार पडतात. झाडाला कळतं, आता आवराआवर करायला हवी. पानातलं बरंचसं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. ही प्रथिनं हरितद्रव्याला बिलगून असतात. ती सोडवायची तर आधी हरितद्रव्य मोडावं लागतं. ते मोडलं की हिरवा रंग गेला! आणि खाली दडलेला पिवळा रंग वर आला. हा पिवळा रंग नव्यानं येत नाही बरं का. गाजराला ज्या गटातली द्रव्यं रंग देतात, त्याच गटातली द्रव्यं पानात पहिल्यापासून असतात. उन्हाळाभर हिरव्याखाली झाकली जातात, एवढंच.

झाडं अशा वेळी पानातलं साधारण निम्मं नत्र परत काढून घेतात. काही थोडं जास्त काढतात, काही कमी. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा एक पातळ पडदा तयार होतो, आणि एका झुळकेसरशी पान सुटतं.

एवढी खटपट कशासाठी? पानं ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते पाण्यामुळे. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते. मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पानं तर वाफ सोडतच राहणार. मग झाड उभ्या उभ्या तहानेनं मरेल. आपल्या इंदापूर-बारामतीकडे बर्फ नाही, पण पाण्याचं दुखणं आहेच की! वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस, तोही लहरी. माघ-फाल्गुनात, ज्याला कॅनॉलचं पाणी नाही त्या रानातली झाडं पानं टाकतात. तिथं पाणी गोठतं, इथं पाणी आटतं. झाडानं शोधलेला उपाय एकच.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे तसा रंग का नाही? आहे की. आमच्या शाळेच्या पटांगणात बदामाचं झाड आहे, तुमच्याही असेल. देशी बदाम, ज्याच्या खाली पडलेली फळं फोडून तुम्ही गर खाता आणि गणवेशाला डाग पाडून घेता, तेच. डिसेंबर-जानेवारीत त्याच्याकडे बघा. एकेक पान पिवळं, नारिंगी होता होता चक्क लालबुंद होतं. हा लाल रंग मात्र झाड पान गळायच्या आधी मुद्दाम नव्यानं तयार करतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ज्यानं जांभळी होते, त्याच घराण्यातलं हे द्रव्य. जे पान टाकूनच द्यायचंय त्याला लाल रंग द्यायचा खर्च कशाला? शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही. बऱ्याचजणांना वाटतं, हा रंग म्हणजे उन्हाची छत्री आहे. आतून माल काढायचं काम चाललेलं असताना कडक उन्हानं पान करपू नये म्हणून धरलेली.

हिरव्या पानात पिवळा रंग लपलेला असतो, यावर विश्वास बसत नाही? मग करून बघा. चार-पाच कोवळी हिरवी पानं बारीक कुटा. एका वाटीत घेऊन ती भिजतील इतकंच औषधाच्या दुकानातलं स्पिरिट ओता. (स्पिरिट पेट घेतं. मोठं माणूस जवळ हवं आणि चूल, गॅस, काडेपेटी लांब हवी.) पाणी गर्द हिरवं झालं की गाळून घ्या आणि त्यात फळ्यावरचा पांढरा खडू उभा करून ठेवा. अर्ध्या तासानं पाहा. खडूवर हिरवा पट्टा चढलेला दिसेल, आणि त्याच्या वर पुसटसा पिवळा. आमच्या वर्गात हे केलं त्या दिवशी अर्धा बॉक्स खडू संपले!

आता थोडं मोठ्यांसाठी. मुलांनो, हा भाग घरी वाचून दाखवा.

झाडानं निम्मं नत्र काढून घेतलं, म्हणजे उरलेलं निम्मं गळालेल्या पानात असतं. ते पान कुजलं की मातीत जातं आणि पुढच्या साली मुळातून पुन्हा वर चढतं. आपण काय करतो? सकाळी पटांगण झाडतो, पानांचा ढीग लावतो आणि काडी ओढतो. धूर सगळ्या वर्गांत. नत्र त्या धुरातून वर जातं आणि खाली राहते राख. उसाच्या पाचटाचंही तेच. चौथी-पाचवीच्या मुलांना जमेल असं गणित आहे, घ्या पाटी. ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. आपण ८ टन धरू, म्हणजे ८,००० किलो. त्यात नत्र अर्धा टक्का. किती झालं? ४० किलो. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यात साधारण २१ किलो. तेव्हा हेक्टरभर पाचट पेटवलं, की युरियाच्या दोन पोत्यांतलं नत्र पेटवल्यासारखं होतं.

जाळणाऱ्यांनाही कारणं असतात, हे मला माहीत आहे. मजूर मिळत नाहीत, पाचटात उंदीर आणि साप होतात, खोडव्याला पाणी नीट पोचत नाही. शिवाय पाचटातलं नत्र लगेच पिकाला मिळत नाही, ते कुजायला काही महिने लागतात. म्हणून कुजवताना थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणूखत टाकायला सांगतात. शेताचा निर्णय घरच्यांनी घ्यावा. पण शाळेच्या पटांगणातल्या ढिगाला काय अडचण आहे? आम्ही या वर्षी बदामाच्या पलीकडे कोपऱ्यात खड्डा घेतला आणि पानं त्यात टाकायला लागलो. पहिल्या आठवड्यात एका पालकांनी येऊन विचारलं, "बाई, हा उकिरडा शाळेत कशाला?" त्यांना मी वरचंच गणित सांगितलं. ते "बघू," म्हणून गेले. खड्डा अजून आहे!

बरं, पुन्हा त्या डोंगराच्या चित्राकडे येऊ. नीट पाहिलंत तर उतार सगळा एकसारखा पिवळा नाही. एक मोठा पट्टा पिवळा, शेजारचा अजून हिरवा, त्यापलीकडचा नारिंगी. जणू वेगवेगळ्या जातींच्या उसाचे फड शेजारी शेजारी. याचं कारण फार गमतीचं आहे. तुम्ही केळीच्या बुंध्याशी पिल्लं फुटलेली पाहिलीत ना? ॲस्पेनला तसे फुटवे येतात, पण थेट जमिनीखाली लांबवर गेलेल्या मुळांवर. दहा पावलांवर एक, वीस पावलांवर दुसरा. प्रत्येक फुटव्याचं उंच झाड होतं. बघणाऱ्याला वाटतं जंगल आहे, पण खाली मूळ एकाच झाडाचं. म्हणून तो अख्खा पट्टा एकाच वेळी पिवळा होतो आणि शेजारचा, दुसऱ्या मुळाचा पट्टा, त्याच्या सवडीनं.

अमेरिकेतल्या युटा राज्यात फिश लेक नावाच्या तळ्याजवळ असं एक झाड आहे. एक झाड म्हणायचं, पण खोडं किती? सुमारे ४७,०००! पसारा १०६ एकर. सगळ्याचं मिळून वजन सहा हजार टनांच्या आसपास. एखाद्या ट्रकमध्ये दहा टन भरायचे तर सहाशे ट्रक लागतील. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'पांडो' हे नाव दिलं. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'मी पसरतो'. हे पांडो आता अडचणीत आहे. जुनी खोडं वय होऊन पडताहेत, आणि नवे फुटवे वर येतात न येतात तोच हरणं आणि गुरं ते खाऊन टाकतात. म्हातारी माणसं पुष्कळ आणि पाळण्यात मूल नाही, अशा घरासारखी त्याची गत झालीय.

हे सांगितल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग बाई, काट्या लावायच्या की! आम्ही रोपांना बाभळीच्या लावतो तशा." आणि खरंच, पांडोच्या काही भागाला तिथल्या लोकांनी कुंपण घातलंय. जिथं कुंपण नीट टिकलं तिथं फुटवे पुन्हा वाढायला लागलेत.

ॲस्पेनची आणखी एक खोड आहे. त्याची पानं सतत थरथरतात. वारा आपल्याला जाणवतही नसतो, पण पानं आपली नाचत असतात. देठ चपटा असतो, पट्टीसारखा, आणि तोही पानाच्या आडव्या दिशेला, म्हणून पान चटकन इकडून तिकडे झुलतं. आता सांगा बघू, आपल्याकडे कुठल्या झाडाची पानं अशी वाऱ्याशिवाय सळसळतात?

पिंपळ! बरोबर. पिंपळाचा आणि ॲस्पेनचा नात्यानं काही संबंध नाही. ॲस्पेन वाळुंजाच्या कुळातलं आणि पिंपळ वड-उंबराचा भाऊ. पण पिंपळाचा देठही लांब आणि बारीक, वर पान रुंद, टोकाला लांब शेपूट. म्हणून जराशा झुळकेनंही सळसळ. रात्री तो आवाज पाऊस पडल्यासारखा येतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, वर मुंजा बसलाय! मुंजा नाही, देठ आहे. एक पान देठाला धरून हलकी फुंकर मारून बघा, लगेच कळेल. आणि हिमालयात ॲस्पेनचं एक चुलत भावंड वाढतं, त्याला तिकडचे लोक काय म्हणतात माहितेय? पहाडी पीपल. म्हणजे डोंगरातला पिंपळ. पानाच्या आकारावरून त्यांनाही आपला पिंपळच आठवला.

(जाता जाता. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असं मुलं वहीत लिहितात. तसं होत नाही. प्राणवायू बाहेर टाकायला पानाला उजेड लागतो. पिंपळालाही.)

आता खरी गंमत. आपल्याकडे रानाला रंग चढतो तो नुसता पान जाताना नाही, पान येताना! फाल्गुन-चैत्रात पिंपळ जुनी पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी येते. ती हिरवी नसते. तांब्याच्या नव्या तांब्यासारखी तांबूस-गुलाबी, इतकी पातळ आणि चकचकीत की पलीकडचं ऊन दिसतं. पाडव्याला गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधता ना? त्याचं टोक बघा, तेही तांबूस. आंब्याची पालवी तर सगळ्यांना माहीत आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं. आधी छत्री उघडायची, मग कारखाना सुरू करायचा, असा हा हिशेब. काहींच्या मते लाल पान किड्यांना खाण्यासारखं वाटत नाही, हाही त्यात फायदा.

या सगळ्या तांबड्या पालवीचा राजा मात्र आपल्या गावात नाही. त्याला भेटायला आपल्या नीरेचा काठ धरून उलटं वर जायला हवं. बारामती मागे टाकायची, वीर धरण मागे टाकायचं, भोरच्याही पुढे, जिथं नीरा उगम पावते त्या सह्याद्रीच्या डोंगरात. आपल्याकडे वीस इंच पाऊस, तिथं घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. त्या घाटांत, ओढ्याकाठी, कुसुंब नावाचं झाड आहे. काही जण त्याला कोशिंब म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळं रान वाळून करडं झालेलं असताना, हे एक झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लालभडक होतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं फुलोरा आहे. जवळ गेलं की कळतं, सगळी पानंच! दोन-तीन आठवडे हा थाट. मग पोपटी, मग हिरवं, आणि नंतर ते गर्दीतलं एक झाड होऊन जातं.

भर उन्हाळ्यात, पावसाला अजून तीन महिने असताना, ही नवी पानं कुणाच्या भरवशावर? कुसुंबाची मुळं खोल जातात, आणि जुनी पानं टाकून वाचवलेलं पाणी खोडात असतं. पहिला पाऊस पडेपर्यंत पानं तयार. आपण पाऊस पडल्यावर पेरणीला निघतो. हा गडी आधीच वाफसा धरून बसलेला!

नावावरून एक गोंधळ होतो, तो सांगते. जुन्या लोकांच्या बोलण्यात 'कुसुंबी रंग' येतो, तो या झाडाचा नव्हे. तो करडईच्या फुलांचा. तीच करडई, जी आपल्या भागात ज्वारीच्या कडेनं पेरतात आणि जिचे काटे पायाला टोचतात.

कुसुंबाचं लाकूड फार कठीण आणि जड. मुसळं, बैलगाडीचे आस, तेलाच्या घाण्याचे आणि ऊस पिळायच्या चरकाचे लाट या लाकडाचे करायचे. त्याच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढवतात, आणि त्या लाखेला बाजारात वेगळंच नाव आणि चांगला भाव असतो, 'कुसुमी लाख'. फळं आंबट, मुलं ती आवडीनं खातात.

कोलोरॅडोत ॲस्पेन पिवळं झालं की लोक लांबून गाड्या घेऊन ते बघायला येतात. घाटात गाड्यांची रांग लागते. आपल्या घाटांत रांग लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्याखाली. मार्चमध्ये, कुसुंब लाल झालेला असताना, त्याच वळणावरून एस.टी. भरधाव जाते आणि खिडकीतली माणसं झोपलेली असतात. एखाद्या वर्षी तिथलं झाड तोडून नेलं, तरी बघायला कुणी नसल्यामुळे ते गेल्याचंही कुणाला कळत नाही. या वर्षी उन्हाळ्यात भोर-महाडकडे, ताम्हिणीला किंवा भीमाशंकरला कुणाचं लग्नकार्य असेल, तर खिडकीची जागा धरा आणि झाडं मोजा. कुठल्या वळणावर किती, ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच वळणावर पुन्हा मोजता येतील.

ज्यांना जाता येणार नाही, त्यांच्यासाठी पिंपळ आहेच. आमच्या वर्गानं मागच्या चैत्रात केलं ते तुम्ही करा. हाताला येईल अशा खालच्या फांदीवर, नुकतंच उघडलेलं एक पान निवडा. देठाला सैल दोरा बांधा. रोज एकाच वेळी जा आणि रंग लिहा: तांबूस, गुलाबी, पिवळट, पोपटी, हिरवं. पट्टीनं लांबीही मोजा. एकाच झाडावरची दोन पानं घ्या, एक उन्हातलं आणि एक सावलीतलं. आमच्याकडे उन्हातल्या पानाचा तांबूसपणा जास्त गडद दिसला. तुमच्याकडे काय होतं ते बघा. दोरा मात्र पांढरा घ्या. आमच्यातल्या दोघांनी लाल बांधला होता, आणि त्यांना आपलं पान पहिले चार दिवस सापडलंच नाही!